दारातली गाडी कोणाची?



शहरात एक नवा युक्तिवाद निघाला आहे. कपाशीला भाव मागा, कर्जमुक्ती मागा, कोणी ना कोणी शहाणा लगेच म्हणतो, "अहो, आता खेड्यात जाऊन पाहा. प्रत्येक आळीत एक पिकअप उभी आहे. ज्याच्या दारात चारचाकी, तो गरीब कसला?" वर्तमानपत्रातून हेच, दूरदर्शनच्या चर्चेत हेच, बँकेच्या साहेबाच्या तोंडीही हेच. बंडी होती तेव्हा आम्ही मागासलेले होतो आणि पिकअप आली तर आम्ही श्रीमंत झालो. मधली काही पायरीच नाही.

या युक्तिवादाला उत्तर द्यायचे तर रागावून भागत नाही. हिशेब करावा लागतो. शिवाय हा प्रश्न शहरी शहाण्यांपुरता नाही, आपल्याच पोरांचा आहे. या हंगामात कौंडण्यपूर, कुऱ्हा, तिवसा या पट्ट्यात किती तरी घरांत एकच बोलणे चालू आहे. पोरगा म्हणतो, "बाबा, चार लाखांच्या आत नवी गाडी मिळते. थोडे पैसे भरले की आठ दिवसांत दारात. वावरात काही राहिले नाही, भाडे मारून तरी चार पैसे मिळतील." बाप गप्प बसतो, कारण वावरात काही राहिले नाही हे पोराचे म्हणणे त्याला खोडता येत नाही.

आधी गाडीची बाजू खरी तेवढी मान्य करू. २००५ साली टाटा एस बाजारात आली, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती, पाऊण टन वजन, किंमत सव्वादोन लाखांच्या घरात. त्या हंगामात लांब धाग्याच्या कपाशीचा हमीभाव होता १,९८० रुपये. म्हणजे गाडी घ्यायला सुमारे ११४ क्विंटल कापूस मोजावा लागे. वीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, त्याच घराण्यातली एस प्रो आली ३ लाख ९९ हजारांना. तेवढेच पाऊण टन वजन, पेट्रोलचे इंजिन, तीस अश्वशक्ती. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे ४९ क्विंटल. सप्टेंबरमध्ये कर कमी झाला, तो धरला तर ४५ क्विंटलच्या आसपास.

तर कपाशीच्या मापाने गाडी निम्म्याहून स्वस्त झाली. हे आम्ही लपवत नाही. कारखानदाराला स्पर्धेत उभे केले, चार कंपन्या एकमेकींशी झुंजल्या, की माल स्वस्त आणि बरा होतो, हे आम्ही पहिल्यापासून सांगत आलो. गाडीच्या बाबतीत ते झाले. अशोक लेलँडची दोस्त, महिंद्राची जीतो, मारुतीची सुपर कॅरी एकामागून एक आल्या आणि गिऱ्हाइकाचे भले झाले.

मग अडचण कुठे आहे? अडचण ही, की ४५ क्विंटल हा आकडा कागदावर बरा दिसतो, पण कोरडवाहू पाच एकराच्या घरात ४५ क्विंटल येतात कुठून? चांगल्या पावसाचे साल, बोंडअळीने दया केली, तर एकरी पाच क्विंटल धरा. पाच एकरांत पंचवीस. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरण आणि वेचणी वजा करा. वेचणीलाच किलोमागे दहा-बारा रुपये जातात, म्हणजे क्विंटलला हजाराच्या वर. आणि हमीभाव हा जाहीर करायचा भाव आहे, मिळायचा नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस बाजारात यायचे नेमके तेच महिने. गिरणीवाल्याला स्वस्त रुई, आणि आपल्याला बाजारात हमीभावाच्या खालचा भाव. हमीभाव पाहिजे तर कापूस महामंडळाच्या केंद्रावर जा. त्यासाठी आधी मोबाईलवर नोंदणी, मग ओलाव्याची तपासणी, मग रांग.

अमेरिकेचे एक जुने उदाहरण सांगतो, म्हणजे माप कळेल. १९२५ साली फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली पहिली पिकअप विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. त्या साली तिथे रुईचा भाव पौंडाला वीस सेंटच्या जवळ होता. पाचशे पौंडांची गाठ शंभर डॉलरच्या घरात. तीन गाठी विकल्या की पिकअप. आपल्या ४५ क्विंटल कापसातून साधारण पंधरा क्विंटल रुई निघते, म्हणजे त्यांच्या मापाच्या साडेसहा-सात गाठी, वर सरकी वेगळी. शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन कापूसवाला तीन गाठींत गाडी घेई, आजचा वऱ्हाडातला कापूसवाला दुपटीहून जास्त देऊन घेतो. स्वस्त गाडी, स्वस्त गाडी म्हणतात ती ही.

आता हप्त्याकडे वळू, कारण रोख गाडी घेणारा आपल्यात कोणी नाही. आणि फसगत होते ती इथेच. शोरूममध्ये काचेच्या टेबलामागे बसलेला पोरगा कॅल्क्युलेटरवर बोटे नाचवतो आणि म्हणतो, "काका, फक्त आठ टक्के." हे आठ टक्के म्हणजे सपाट व्याज. समजा चार लाखांचे कर्ज, चार वर्षे. आठ टक्क्यांनी वर्षाला ३२ हजार, चार वर्षांचे १ लाख २८ हजार, एकूण ५ लाख २८ हजार, महिन्याला ११ हजार. ऐकायला सरळ वाटते. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण चार लाखांवर मोजले जाते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर सव्वाचौदा टक्क्यांच्या वर जातो. आठ म्हणून सांगितलेले चौदा निघतात. सावकार निदान तोंडावर सांगत असे. म्हणून विचारताना एवढेच विचारा, दर घटत्या शिलकीवर किती? तो उत्तर टाळू लागला की उठा.

महिन्याला ११ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ३२ हजार. हमीभावाने सव्वासोळा क्विंटल कापूस. घरातल्या पंचवीस क्विंटलपैकी सोळा क्विंटल गाडीच्या हप्त्याला गेले. राहिलेल्या पावणेनऊ क्विंटलात बियाणे, मजुरी, किराणा, पोरांची शाळा आणि म्हाताऱ्याचे औषध.

दुसरे म्हणजे हप्ता दर महिन्याला येतो, कापूस येत नाही. दसरा-दिवाळीला पहिला वेचा, संक्रांतीपर्यंत माल घरात, फाल्गुनात सारे संपले. पुढे मृगापर्यंत घरात दमडी नाही, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत घरातून पैसा फक्त बाहेर जातो. ट्रॅक्टरचे कर्ज देताना बँक हे समजून घेते, हप्ता सहामाही किंवा हंगामी बांधून देते. पिकअप मात्र व्यापारी वाहन. तिला महिन्याचा हप्ता. वाहन तेच वावर ओढते, धनी तोच, पण बँकेच्या वहीत ट्रॅक्टरवाला शेतकरी आणि पिकअपवाला वाहतूकदार.

सरकारच्या वहीतही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला, मालवाहू गाडीवर २८ चा १८ झाला. कमी झाला ते बरे झाले. पण हा अठरा टक्के कोण भरतो ते पाहा. किराणा कंपनी गाडी घेते, कर भरते आणि आपल्या विक्रीवरच्या करातून तो वळता करून घेते. वाहतूक कंपनीही घेऊ शकते. शेतकऱ्याची नोंदणीच नाही, त्याला वळते करायला जागा नाही. म्हणजे एकाच शोरूममधून एकाच दिवशी दोन गाड्या निघाल्या तर शहरातल्या गिऱ्हाइकाला ती करावाचून पडते आणि आपल्याला करासकट. जूनच्या किमतीतून कर वजा केला तर गाडीची कराशिवायची किंमत साधारण ३ लाख १२ हजार निघते. तिच्यावर ५ आणि १८ टक्क्यांतला फरक ४० हजारांचा आहे. यावर राज्य सरकारनेही हात धुऊन घेतला. २०२५ च्या अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालगाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी वाहनकर ठेवला. चार लाखांवर २८ हजार. मग विमा, मग नोंदणी, मग हौद्यावर वाढवलेल्या जाळ्या आणि ताडपत्री. शोरूमच्या पाटीवरचा आकडा रस्त्यावर येईपर्यंत बाळसे धरतो.

हे सारे असून पोरे गाडी मागतात ती चैनीसाठी नाही, हे शहरवाल्यांना कोणी सांगायचे? आपल्याकडे वाहतूक बैलाची होती. बैल कडब्यावर जगे आणि कडबा ज्वारीचा. ज्वारीला भाव नाही, वर रानडुकरे आणि पाखरे. ज्वारी गेली, तिच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनच्या कुटारावर बैलजोडी निभत नाही. कडबा गेला, जोडी गेली. आज चांगल्या जोडीला लाखाच्या वर मोजावे लागतात आणि सालदार मिळत नाही. बैल गेले म्हणून बंडी गेली. कार्तिकात कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या माहेरी यात्रा भरते, तिथे पूर्वी वर्धेच्या काठाने बंड्या सुटलेल्या असत. आता पिकअप आणि दुचाक्या उभ्या राहतात. ज्वारीचे धोरण करणाऱ्यांनी बंडी मोडली आणि आता पिकअप पाहून म्हणतात, शेतकरी सुधारला.

वाहतूक आपल्या हातात नसली की काय होते, हे वऱ्हाडाला शिकवायला नको. इंग्रजाने यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला धाववली, नदीपलीकडे पुलगाव–आर्वीची छोटी गाडी धाववली. कोणासाठी? रुई मुंबईच्या गोदीत आणि तिथून मँचेस्टरला जावी म्हणून. आज दोन्ही बंद आहेत. पुढे १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. बंडी तुमची, बैल तुमचे, कापूस तुमचा, पण न्यायचा कुठे ते सरकार ठरवणार. राज्याबाहेर न्यायला बंदी. पलीकडे भाव चढा असला तरी सीमेवर पोलीस. केंद्राबाहेर दोन-दोन, तीन-तीन दिवस बंड्यांच्या रांगा, थंडीत बैलांसकट मुक्काम, आणि चुकारे मिळायचे तुकड्या-तुकड्याने. ती बेडी या शतकाच्या सुरुवातीला मोडली. पण बेडी मोडून काय उपयोग, जर माल न्यायला गाडीच नसेल? गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला हे पक्के ठाऊक असते. त्याची गाडी दारात उभी असते, काटा त्याचा, भाव त्याचा. तुमच्या घरात कापूस साचलेला, पोरीच्या लग्नाची तारीख धरलेली, आणि माल हलवायला साधन नाही. क्विंटलमागे दोनशे-तीनशे कमी घेऊन तुम्ही देता. अमरावतीचा भाव पाहावा, धामणगावचा पाहावा, नाही पटला तर आर्वीला जावे, ही ताकद गाडीत आहे. म्हणून गाडी नको असे आम्ही म्हणत नाही. गाडी पाहिजेच. ती एकट्याने, हप्त्यावर, भाड्याच्या आशेने घ्यावी का, एवढाच प्रश्न आहे.

एकट्याचा हिशेब असा बसतो. पंचवीस क्विंटल कापूस, पाच-सात क्विंटल तूर, थोडे सोयाबीन, खताची पोती, बियाणे, सरकी-ढेप. सगळे मिळून वर्षाला पंधरा खेपा झाल्या तर पुष्कळ. भाड्याची गाडी खेपेला समजा बाराशे घेते. वर्षाचे अठरा हजार. खेडा खरेदीत बुडणारे क्विंटलमागे दोनशे वाचले, ते पाच हजार. म्हणजे गाडीचा स्वतःच्या शेतीला वर्षाचा उपयोग तेवीस हजारांचा, आणि हप्ता एक लाख बत्तीस हजारांचा. विमा, टायर, दुरुस्ती समजा चाळीस हजार. उरलेले दीड लाख भाडे मारून काढायचे. तेल वजा जाता खेपेला सातशे सुटले तर दोनशेहून जास्त खेपा. पावसाळ्याचे चार महिने सोडा, उरलेल्या आठ महिन्यांत जवळजवळ रोज एक खेप. चालकाची मजुरी यात धरलेलीच नाही, तो आपलाच पोरगा. आणि गावात एका पोराने गाडी घेतली तेव्हा त्याला भाडी मिळाली, चौघांनी घेतली तेव्हा चौघेही नाक्यावर पान खात उभे. बाराशेचे भाडे नऊशेवर येते, पण हप्ता अकरा हजारांवरून खाली येत नाही. तीन हप्ते थकले की वसुलीची माणसे येतात. तेव्हा कळते, गाडीच्या नोंदणी पुस्तकात तुमच्या नावाखाली कर्ज देणाऱ्याचे नाव होते. शहरवाल्याला दारात दिसली ती गाडी अशी असते.

मोलाचीही दोन बोलणी केली पाहिजेत, कारण पत्रकात जे छापतात ते गिट्टी-सिमेंटवाल्यासाठी असते. पाऊण टन म्हणजे साडेसात क्विंटल. पण कापूस म्हणजे सिमेंट नव्हे. हौदा आधी भरतो, वजन नंतर. जाळ्या उंच करून, पायाने दाबून भरला तरी लहान गाडीत साडेसात क्विंटल बसवणे कठीण. म्हणजे कापसासाठी वजनापेक्षा हौद्याची लांबी-रुंदी पाहा. मोठी पिकअप घेतली तर माल बसतो, पण तिची किंमत दुपटीच्या आसपास. पुन्हा आपल्या काळ्या मातीत पांदण रस्त्याचे काय? पाऊस पडला की वावरातून नाक्यापर्यंत माल डोक्यावर किंवा ट्रॅक्टरमागेच येणार. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना निघाली, तिचे फलक पुष्कळ लागले. तुमच्या शिवारात मुरूम किती पडला ते तुम्हीच पाहा. विजेवर चालणारी गाडी स्वस्तात धावते म्हणतात, तीही आता निघाली आहे, पण तिची किंमत साडेसहा लाखांच्या घरात आणि वीज आपल्याकडे केव्हा असते हे ओलिताला रात्री उठणाऱ्याला विचारा. गॅसवरची घ्यायची तर आधी पंप किती कोसांवर आहे ते मोजा. आणि सुटे भाग तिवशात मिळतात की अमरावतीलाच जावे लागते, हे गाडी घ्यायच्या आधी मिस्त्रीला विचारा, शोरूमला नको.

कायद्याच्या दोन गोष्टी ठाऊक असू द्या, कारण त्या नावावर रस्त्यात पैसे उकळतात. एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. आणि हलक्या मोटारीचा साधा परवाना असलेला माणूस साडेसात टनांच्या आतली मालगाडी चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही, असा सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा निकाल ६ नोव्हेंबर २०२४ चा आहे. फिटनेस मात्र चुकवू नका, आठ वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. वेचणीच्या बाया हौद्यात उभ्या करून नेऊ नका. वीस-वीस बाया, कडेला पोरे, हातात डबे, असे दृश्य हंगामात रोज दिसते. मालगाडीच्या विम्यात मालाचा धनी किंवा त्याचा माणूस धरला जातो, भरलेली प्रवासी मजूर धरली जात नाहीत. गाडी उलटली तर त्या बायांच्या घरी काही जात नाही आणि गाडीवाल्याचे वावर विकले जाते. मजुरांना न्यायला साधन नाही, एसटी वेळेवर नाही, हे सारे खरे आहे. तरी सांगतो.

मग करायचे काय? आठ-दहा घरांनी मिळून एक गाडी घ्यावी असे आमचे मत आहे. शंभर-सव्वाशे खेपा घरच्याच होतात, उरलेल्या भाड्याच्या. कर्जाचा बोजा एका घरावर पडत नाही. बारभाईंची शेती काय लागेल हाती, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही, गटाची गाडी पहिल्या भांडणात मोडते. म्हणून वही हवी, प्रत्येक खेपेची नोंद हवी, चालकाला ठरलेली मजुरी हवी मग तो कोणाचाही पोरगा असो, आणि वेचणीच्या दिवसांत पाळी चिठ्ठीने ठरलेली हवी. हे जमणार नसेल तर भाड्याचीच गाडी बरी. दोन-तीन घरांनी मिळून माल भरावा, केंद्रावर रांग लागली तर गाडीची खोटी वाटून घ्यावी.

सरकारकडे मागणे तीन आहेत. सातबारा असलेल्याने घेतलेल्या तीन टनांच्या आतल्या मालगाडीवर ट्रॅक्टरइतकाच ५ टक्के कर. राज्याचा ७ टक्के वाहनकर अशा गाडीला माफ. आणि हप्ता हंगामी, कापसाच्या महिन्यांना बांधलेला. यात अनुदान नाही. कारखानदाराला जे वळते करून मिळते आणि ट्रॅक्टरला जे आधीच दिले आहे, तेवढेच आहे. पाण्याच्या पाटाखाली असलेल्यांना, साखर कारखान्याच्या दारात वाहने उभी करणाऱ्यांना हे मागणे लहान वाटेल. आपल्याला ते दोन हंगामांच्या वेचणीइतके आहे.

जिल्हा बैठकीत हा विषय घ्यायचा आहे. येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात पिकअप किती, त्यातल्या हप्त्यावरच्या किती, ओढून नेलेल्या किती, गेल्या हंगामात खेडा खरेदीत किती क्विंटल गेले आणि त्या दिवशी अमरावतीचा भाव काय होता. ज्यांच्याकडे कर्जाचे कागद असतील त्यांनी झेरॉक्स आणावी, व्याजाचा दर आपण तिथेच बसून काढू.